तिसऱ्यांना कितीही घासलं तरी बटणांसारखी चमक का येत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मालवणहून आणलेल्या तिसऱ्यांच्या (खायच्या छोट्या शिंपल्यांच्या) शिंपल्या तुम्ही दोन दिवस पॉलिश पेपरने घासल्या, पण आजीच्या जुन्या पोलक्याच्या शिंपल्याच्या बटणांसारखी चमक येईना. मग ती चमक म्हणजे प्राण्याने आतून लावलेलं लाखेसारखं काहीतरी असतं का, आणि घासताना तेच उडालं का.

उडालं नाही, तिथे तो चमकणारा थर, म्हणजे मदर ऑफ पर्ल, नव्हताच. आणि तो लाखेसारखा लावलेलाही नसतो. जुन्या पेट्यांवरचं शिंपल्याचं जडावकाम दुरुस्त करताना मला हा माल रोज हातात घ्यावा लागतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शिंपला उघडल्यावर कवचाला आतून चिकटलेली पातळ पडद्यासारखी झालर दिसते ना, पुस्तकात तिला प्रावार म्हणतात. सगळं कवच ती झालर बांधते. पण झालरीच्या प्रत्येक भागाचं काम वेगळं. अगदी काठाचा भाग बाहेरची तपकिरी-काळपट साल आणि तिच्या खालचा उभ्या खांबांचा थर करतो, आणि काठापासून आतला भाग चमकणारा थर करतो. म्हणजे शिंपला काठाला वाढून मोठा होतो आणि आतून जाड होत जातो. मोत्याचा शिंपला मिळाला तर नीट बघा, कडेला चमक नसलेला एक पट्टा असतोच, तिथपर्यंत आतला थर अजून पोचलेला नसतो.

आता तो थर बनतो कसा. प्राणी पाण्यातून आणि खाण्यातून कॅल्शियम घेतो, कार्बोनेटसाठी लागणारा कार्बन पाण्यातून आणि स्वतःच्या श्वसनातून मिळतो. झालर आणि कवच यांच्यात अगदी बारीक फट असते, तीत द्रव असतो. झालर तिथे आधी कायटिनचे (खेकड्याच्या कवचात असतं तेच) पातळ पडदे आणि रेशमासारखी प्रथिनं सोडते. म्हणजे आधी साचा, मग माल. या साच्यात कॅल्शियम कार्बोनेट सुरुवातीला आकारहीन असतं आणि मग त्याच्या अ‍ॅरागोनाइटच्या (त्याच्याच एका स्फटिकरूपाच्या) चपट्या फरश्या होतात, एकेक फरशी साधारण अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड आणि पाच ते पंधरा मायक्रॉन रुंद. फरशी आडवी वाढत जाते, शेजारची लागली की थांबते. पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून खनिजाचा धागा वर जातो आणि वरच्या मजल्यावरची फरशी त्याच दिशेने वाढायला लागते. मोत्याच्या शिंपल्यात फरश्या विटांच्या भिंतीसारख्या सांधे चुकवून बसतात, तर अ‍ॅबलोनी किंवा टर्बोसारख्या गोगलगायींच्या कुळात नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे दोन हजार मजले. वजनाने जवळपास ९५ टक्के खनिज, प्रथिनं आणि कायटिन मिळून फक्त ५ टक्के.

ते ५ टक्केच सगळं ठरवतात, मला तरी सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी मोत्याच्या शिंपल्यातलं पिफ नावाचं प्रथिन शोधलं. ते बनवणाऱ्या जनुकाचं काम दाबलं तर फरश्या नीट रचल्याच जात नाहीत. आणि मजबुतीही तिथूनच येते. नुसतं अ‍ॅरागोनाइट खडूसारखं ठिसूळ, पण या रचनेत तडा सरळ जाऊच शकत नाही, प्रत्येक सांध्याला वळतो, फरश्या थोड्या सरकतात आणि धक्का जिरतो. तोडायला लागणारी ऊर्जा शुद्ध खनिजाच्या ३००० पटींपर्यंत मोजली गेली आहे. ओला असताना तो जास्तच चिवट असतो, म्हणून मी करवतीने कापताना पाणी सोडत राहतो, धूळही उडत नाही (कोरडं घासू नका प्लीज, ती धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क लावाच).

रंगाचं म्हणाल तर रंग नाहीच. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन आणि फरशीची जाडी त्याच मापाची, त्यामुळे वेगवेगळ्या मजल्यांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळून कुठे हिरवा, कुठे गुलाबी उठतो आणि तुकडा फिरवला की बदलतो. १८१४ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ ब्रूस्टरने शिंपला मेणावर दाबला तर काही रंग मेणावरही उमटले, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक रेघांचाही वाटा आहे. आपल्याकडे सर सी. व्ही. रामन यांनी १९३० च्या दशकात या शिंपल्यांच्या रंगांवर बारकाईने काम केलं. वेदान्तात शिंपी बघून रुप्याचा भास झाल्याचा दृष्टांत येतो ना, तो या थराचाच, तिसरी बघून तसा भास कोणाला होणार नाही.

तर तिसऱ्या. त्यांचं कवचही कॅल्शियम कार्बोनेटचंच, पण आत फरश्या नाहीत, एकमेकांना आडव्या जाणाऱ्या काड्यांची वीण असते. घासलं की चिनीमातीसारखी गुळगुळीत होतात, बस. कालवांत कॅल्साइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचे) पापुद्रे असतात, म्हणून कालवात चुकून सापडलेला 'मोती' खडूसारखा निस्तेज असतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले शिंपले बरेच जण मदर ऑफ पर्ल समजतात, तेही कॅल्साइटच. त्यातून उजेड झिरपतो म्हणून खिडकीला उत्तम, पण रंग खेळत नाहीत. हा थर हवा असेल तर शिनाण्यांच्या (मसलच्या) आत बघा, पातळ का होईना पण असतो. नाहीतर नदी-तळ्यातले मोठे काळपट शिंपले, साल काढली की खाली जवळजवळ सगळं तेच. जपानी मोत्यांच्या शेतीत मोत्याच्या पोटात जो मणी घालतात तो वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या अशाच नदीच्या शिंपल्यांपासून कापलेला असायचा.

मोती म्हणजे हाच थर, फक्त गोल. वाळूचा कण किंवा स्वाती नक्षत्राचा थेंब यापैकी काहीच लागत नाही, लागतात झालरीच्या पेशी. जखमेमुळे किंवा परजीवीमुळे त्या आत ढकलल्या गेल्या की पिशवी करतात आणि पिशवीच्या आत आपलं नेहमीचं काम चालू ठेवतात. म्हणून मोत्याच्या शेतीत मण्याबरोबर दुसऱ्या शिंपल्याच्या झालरीचा तुकडाही ठेवावा लागतो. तुतिकोरिनला १९७३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अलगरस्वामींनी भारतात हे करून दाखवलं.

आजीच्या बटणांबद्दल. ओठाला लावून बघा, खरं असेल तर गार लागेल, प्लास्टिक लागत नाही. भिंगातून बोटाच्या ठशासारख्या रेघा दिसतील आणि पाठीमागे बऱ्याचदा बाहेरच्या सालीचा तपकिरी किंवा लालसर डाग राहिलेला असतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच अजिबात लावू नका. मी सुरुवातीला एका पेटीचे तुकडे लिंबाच्या पाण्यात टाकले होते, दहा मिनिटांत वरचे मजले विरघळून पांढुरका धुरकटपणा आला आणि मग अर्धा दिवस घासत बसावं लागलं. साधं कोमट पाणी, मऊ फडकं, लगेच पुसायचं. एखादं बटण हरवलं असेल आणि जोड हवा असेल तर जुन्या कपड्यांतून शोधा, अशी बटणं ज्यांची करत ते ट्रोकस आणि टर्बो हे शंख २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, किनाऱ्यावर कोणी विकत असेल तर घेऊ नका. मागच्या बाजूचा फोटो टाका, कोणत्या शिंपल्याचं आहे ते बघून सांगतो.