काश्मिरी आणि उझबेक या भाषा एकमेकींच्या जवळच्या आहेत का? मराठी माणसाला कोणती सोपी जाईल?

बँकेच्या बदलीमुळे मी तीन वर्षं श्रीनगरला होतो आणि माझी भाची आता उझबेकिस्तानात समरकंदला डॉक्टरकी शिकते. तुमचा प्रश्न त्यामुळे आमच्या घरात फोनवर बऱ्याचदा चर्चिला गेला आहे. थेट सांगायचं तर या दोन भाषांचं रक्ताचं नातं नाही. काश्मिरी ही आपल्या मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली, त्यातल्या दरद गटातली. उझबेक तुर्की कुळातली, म्हणजे चीनच्या पश्चिमेकडची उइगुर तिची जवळची बहीण आणि इस्तंबूलची तुर्की जरा लांबची.

नकाशा इथे फसवतो. श्रीनगरहून ताश्कंद सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आत आहे, मुंबई साडेसोळाशेच्या पुढे. तरीही काश्मिरी माणूस आकडे मोजू लागला की कान टवकारतात: अख, ज़ु, त्रे, च़ोर, पांच़, शे, सथ, आठ, नव, दाह. बहुतेक आकडे ओळखीचे निघतात. भाची मोजते ते असं: बिर, इक्की, उच, तोर्त, बेश, ओल्ती, येत्ती, सक्किझ, तोक्किझ, ओन. यात पकडायला एकही धागा नाही. दोन भाषांचं नातं तपासायचं तर बाजारातले शब्द बाजूला ठेवावेत आणि आधी आकडे मोजून पाहावेत. वस्तूंची नावं सहज उसनी येतात, एक ते दहा सहसा घरचेच असतात.

मग अनेकांना त्या सारख्या का वाटतात? फारसीमुळे. पुस्तक काश्मिरीत किताब, उझबेकमध्ये कितोब. बाजाराला उझबेक लोक बोझोर म्हणतात, मित्राला दोस्त. काश्मिरीत तोच दोस्त ‘दोस’ होतो. दोन्हीकडे शतकानुशतकं दरबार आणि विद्वान फारसीत लिहीत होते. मिर्झा हैदर दुघलातचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हा बाबराचा मावसभाऊ, ताश्कंदमध्ये जन्मलेला, घरची भाषा तुर्की. १५४० ते १५५१ अशी दहा-अकरा वर्षं त्याने काश्मीरवर राज्य केलं, आणि तिथे बसून आपला इतिहासग्रंथ लिहिला तो फारसीत! तुर्की बोलणारा राजा आला तरी पूल फारसीचाच राहिला. समोवार, म्हणजे चहाचं ते मोठं भांडं, मात्र दोन्हीकडे रशियनमधून आला.

या पुलावरून चालताना घसरायलाही होतं. आमच्या गल्लीतल्या कांदुराकडे, म्हणजे रोटीवाल्याकडे, पहाटे च़ोट घ्यायला रांग लागायची आणि घरोघरी नून चाय उकळत असायची. मी भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मामा, चहात रोटी उकळतात?’ तिच्या समरकंदला ‘नोन’ म्हणजे रोटी. काश्मिरीतलं ‘नून’ मात्र मीठ आहे, संस्कृत ‘लवण’मधून आलेलं. आपलं लोणचं त्याच लवणाचं.

काश्मिरीची खरी ओळख मला अशाच साध्या शब्दांतून झाली. भाताला तिथे ‘बत’ म्हणतात. घ, ध, भ हे उच्चार काश्मिरीत उरलेले नाहीत, म्हणून आपला भात तिथे बत होतो आणि घोडा होतो ‘गुर’. वसंताला ‘सोंत’, शरदाला ‘हरुद’. उझबेकमध्ये वसंत म्हणजे ‘बहोर’, हा पुन्हा फारसीच. श्रीनगरच्या पहिल्या मार्चमध्ये शेजारच्या आजींच्या तोंडून ‘सोंत’ ऐकला आणि त्यातला वसंत लक्षात आला, तेव्हा परक्या गावात कुणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं.

व्याकरणातही हेच नातं दिसतं. मी भात खातोय हे पुरुष सांगेल तर ‘बु छुस बत ख्यवान’, बाई सांगेल तर ‘बु छस बत ख्यवान’. आपल्या खातोय-खातेयसारखंच. उझबेकमध्ये लिंगभेदच नाही, तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘उ’. भाची पुलाव खात असेल तर ‘मेन ओश येयापमान’ म्हणते, आणि तिचा वर्गमित्रही तेच म्हणेल.

पण एक गोष्ट उलटी आहे. वरच्या काश्मिरी वाक्यात ‘छुस’ कुठे बसलाय बघा: कर्त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या जागी. साध्या वाक्यात काश्मिरी क्रियापद तिथेच येतं, जर्मनसारखं, आणि आपल्या शेजारच्या भाषांत हे क्वचितच आढळतं. उझबेक क्रियापद मराठीसारखं शेवटी. त्यामुळे शब्दांच्या रांगेपुरतं बोलायचं तर आपल्याला उझबेक वाक्य जास्त घरचं वाटतं.

आता सोपी कोणती? वाचायला उझबेक. १९४० पासून ती रशियन लिपीत होती, १९९३ मध्ये रोमन लिपीचा कायदा झाला. आज दोन्ही लिप्या दिसतात, पण रोमन पाट्या तुम्हाला लगेच वाचता येतील. प्रत्यय एकामागोमाग एक चिकटत जातात: कितोब, कितोब्लार, कितोब्लारिम, कितोब्लारिम्दा, म्हणजे ‘माझ्या पुस्तकांमध्ये’. नियम समजला की अपवाद फार आडवे येत नाहीत.

काश्मिरी त्या मानाने कठीण आहे. तिचे स्वर देवनागरीत नीट मावत नाहीत; मी वर लिहिलेले उच्चारही अंदाजेच आहेत. आणि शिकायची सोयही कमी. उझबेक १९८९ मध्येच उझबेकिस्तानची राजभाषा झाली. काश्मिरीला जम्मू-काश्मीरमध्ये राजभाषेचा दर्जा मिळायला २०२० उजाडलं. चौदाव्या शतकात संत कवयित्री लल्लेश्वरीने जिच्यात वाख, म्हणजे छोटी पद्यं, रचले त्या भाषेत श्रीनगरातले कितीतरी आईबाप आपल्या मुलांशी बोलत नाहीत, उर्दूत बोलतात. मी हे रोज ऐकत होतो आणि मला ते फार लागायचं.

तरीही निवड माझ्यावर सोपवलीत तर मी काश्मिरीच सांगेन. चमच्यातला आणि चुलीतला ‘च’ वेगळा, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. चुलीतला तो ‘च’ काश्मिरीत पावलोपावली येतो आणि हिंदी बोलणारे माझे सहकारी तिथेच अडायचे. मी पहिल्याच दिवशी कांदुराकडे पाच च़ोट मागितल्या, तेव्हा माझा ‘पाच’ ऐकून त्याने मला पुन्हा विचारलं नाही. तंदुरातून मोजून पाच काढून दिल्या.