हार्डवुडचे ओंडके आणि बल्ल्या आयात करताना सगळं ४४०३ मध्येच टाकायचं का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की सागाचे ओंडके, थोडा बीच (हे एक परदेशी हार्डवुडचं झाड) आणि सोबत काही बल्ल्या असा माल नागपूरला आणायचाय आणि सप्लायर म्हणतो सगळं ४४०३ (कस्टम्सच्या टॅरिफमधला कच्च्या लाकडाचा कोड) लिहून टाका. मी नागपूरच्या लकडगंजात याच लाकडाच्या धंद्यात आहे, त्यामुळे अनुभवावरून सांगतो, सप्लायरचं अर्धंच ऐका. त्याला पैसे मिळाले की तो मोकळा, इथं बिल ऑफ एन्ट्रीवर (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर) सही तुमची राहते.

पहिले तर झाड कोणतं हे बाजूला ठेवा. कस्टम्सवाले आधी बघतात की लाकडावर काम किती झालंय, झाडाचं नाव त्याच्या नंतर. गोल ओंडका, साल असो की काढलेली, वरचा पांढरा सॅप (सालीखालचं कोवळं लाकूड) तासलेला असला तरी ४४०३. कुऱ्हाडीनं किंवा आऱ्यावर ओबडधोबड चौकोनी केलेला, पण कुठं कुठं साल राहिलीय, कडा गोल आहेत, तोही ४४०३. पण चारही बाजू आऱ्यावर नीट लांबीत कापल्या, कडा सरळ आल्या आणि जाडी ६ मिलिमीटरच्या वर असली की तो ४४०७, म्हणजे कापलेलं लाकूड, आणि त्यावर बेसिक ड्यूटी ओंडक्यापेक्षा जास्त. खरा घोळ इथंच होतो. माझ्या एका कंटेनरच्या इनव्हॉइसवर ‘रफ स्क्वेअर’ लिहिलं होतं, मी म्हटलं चौकोनी म्हणजे चौकोनी, त्यात काय बघायचं! दार उघडलं तर आत सरळसोट कापलेले तुकडे, सालीचा मागमूस नाही. तपासणीवाल्या साहेबांनी हात फिरवला आणि विचारलं, यात रफ काय आहे? मग फरकाची ड्यूटी, वरून व्याज, आणि तेवढे दिवस कंटेनरचं भाडं चालूच. चूक माझीच होती, फोटो मागवले नव्हते ना.

बल्ल्यांचं वेगळं आहे. गोल, न फाडलेल्या, टोक न काढलेल्या असतील तर ४४०३, मग त्या सोलून गुळगुळीत केलेल्या विजेच्या खांबासारख्या वापरायला तयार असल्या तरी. टोक काढलं (कुंपणाला जमिनीत ठोकायला काढतात तसं) किंवा उभ्या फाडल्या की ४४०४. आणि क्रिओसोट किंवा दुसरं टिकाऊपणाचं औषध मारलेल्या गोल बल्ल्या असतील तर हार्डवुडसाठी ४४०३.१२, तिथं मग साग आहे की निलगिरी कोणी विचारत नाही. पण फक्त प्रवासात कीड लागू नये म्हणून जे मारतात ते यात धरत नाहीत, म्हणून फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी) झालं म्हणजे ‘ट्रीटेड’ असं समजू नका, ही चूक मी लय जणांची पाहिली.

आता झाडाचं नाव. टॅरिफमध्ये हार्डवुड म्हणजे सूचिपर्णी नसलेलं झाड, लाकूड कडक की मऊ याचा संबंध नाही, बाल्सा एवढं हलकं असून तेही त्यातच. सागाला २०२२ पासून स्वतंत्र ४४०३.४२ आहे, त्याआधी तो बाकीच्या उष्णकटिबंधीय लाकडासोबत ४४०३.४९ मध्ये जायचा, आणि काही सप्लायर अजूनही जुनाच कोड चिटकवतात. बीचला मापावर कोड आहे, सगळ्यात लहान आडवं माप १५ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर ४४०३.९३, कमी असेल तर ४४०३.९४. म्हणून बारीक टोकाकडूनही टेप लावायला सांगा.

मापावरून आठवलं, परदेशातला बराच गोल माल हॉपस मापानं (ओंडक्याच्या घेरावरून घनफळ काढायची पद्धत) विकतात, ते खऱ्या घनफळाच्या जवळपास ७८.५ टक्केच भरतं. कागदावर एक आकडा आणि तपासणीत दुसरा आला की उगाच संशय, म्हणून इनव्हॉइसवर कोणतं माप धरलंय ते लिहून घ्या. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) तर लागतंच, त्यावरचं शास्त्रीय नाव (सागाचं टेक्टोना ग्रँडिस) इनव्हॉइसशी जुळलं पाहिजे. आपल्या आलापल्लीच्या सागाची सवय असलेले लोक नुसतं ‘टीक’ लिहून मोकळे होतात, तेवढ्यानं भागत नाही.

मोठी ऑर्डर असेल आणि ४४०३ की ४४०७ असा खरंच पेच असेल तर माल निघायच्या आधी मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग अथॉरिटीकडे (कोड कोणता ते आधीच ठरवून देणारं कस्टम्सचं प्राधिकरण) अर्ज करता येतो. एका कंटेनरसाठी मी तरी त्या भानगडीत पडणार नाही. लोडिंगच्या आधी सप्लायरकडून प्रत्येक प्रकारच्या मालाचे दोन्ही टोकांचे आणि बाजूंचे फोटो मागवा, बाजूला टेप ठेवून, आणि तेच तुमच्या सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) दाखवा, मगच कोड ठरवा. ओंडके आणि बल्ल्या इनव्हॉइसवर वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्यायला विसरू नका.