मांजर नसेल तर भरपाई जहाजवाल्याची

तुम्ही विचारलंय की जुन्या शिडाच्या जहाजांवर मांजर कशाला ठेवायचे? आणि काळं मांजर आडवं गेलं की आपण पाऊल मागे घेतो, मग खलाशांना त्याचा अपशकुन कसा वाटत नव्हता?

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण यातली निम्मी गोष्ट मला लातूरच्या मोंढ्यातच कळली. वडिलांची आडत होती. तुरीच्या थप्पीत उंदीर शिरला की तो एक पोतं खाऊन थांबत नाही, दिसेल त्या पोत्याचा कोपरा कुरतडतो. सांडलेली तूर झाडून गोळा करता येते, पण लेंड्या मिसळलेल्या मालाला गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून दुकानात एक करडी मांजरी कायम असायची. थप्पीच्या सगळ्यात वरच्या पोत्यावर ती बसून असे, डोळे मिटलेले आणि कान मात्र फिरत असलेले.

आता तेच गोदाम पाण्यावर तरंगतंय आणि महिनोन् महिने कुठे किनारा नाही, असं समजा. जहाजावरचा उंदीर पीठ-बिस्किटं तर खातोच, शिवाय दोर आणि घडी करून ठेवलेली शिडंही कुरतडतो. मध्ययुगात भूमध्य समुद्रावर बार्सिलोनाचा 'कोन्सोलात दे मार' हा सागरी कायदा चालायचा. त्यात चक्क लिहिलंय की जहाजावर मांजर नसताना उंदरांनी माल नासवला, तर भरपाई जहाजवाल्याने द्यायची. निघताना मांजर होतं पण वाटेत मेलं, आणि पहिल्या मिळेल त्या बंदरात त्याने दुसरं घेतलं, तर मात्र त्याच्यावर बोट ठेवायचं नाही. आडतीत वाढलेल्या माणसाला हे कलम किती रास्त आहे ते लगेच पटतं.

मांजर या कामाला जन्मजात लायक. जहाजावर गोड्या पाण्याची मोजणी असायची, आणि मांजराला बरंचसं पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळतं. ताजी फळं-भाजी नसल्याने खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, व्हायचा. मांजराचं शरीर क जीवनसत्त्व स्वतःच बनवतं.

ज्याच्यावर शिधा आणि शिडं अवलंबून, त्याला खलाशी अपशकुनी म्हणणार कसे? इंग्रज खलाशांत काळं मांजर उलट शुभ. मांजर उगाच उड्या मारायला लागलं की त्याच्या शेपटीत वारा भरलाय, वादळ येणार, असं ते म्हणत. त्याला पाण्यात फेकणं म्हणजे तर वादळाला बोलावणंच. पाण्यावर हलकी झुळूक उमटली की तिला ते मांजराचा पंजा म्हणत.

सगळ्या जहाजी मांजरांत मला जवळचा वाटतो तो ट्रिम. १७९९ मध्ये 'रिलायन्स' जहाजावर, आफ्रिकेच्या टोकाकडून ऑस्ट्रेलियाकडे जाताना तो जन्मला. काळाभोर, पंजे पांढरे, छातीवर पांढरा ठिपका. पिल्लू असताना समुद्रात पडला, तर पोहत येऊन दोरावरून स्वतःच वर चढला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे करणारा इंग्रज नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स, त्याच्याबरोबर ट्रिमने ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा केली. १८०३ मध्ये त्यांचं 'पॉर्पॉइज' जहाज खडकावर फुटलं, त्यातूनही दोघं वाचले. त्याच वर्षी मॉरिशसला फ्रेंचांनी फ्लिंडर्सला अडकवलं, ते सहा वर्षांहून जास्त. तिथेच १८०४ मध्ये ट्रिम नाहीसा झाला. कुणा भुकेल्याने त्याला मारून खाल्लं असावं, असं फ्लिंडर्सला वाटत राहिलं. कैदेतच त्याने ट्रिमचं चरित्र लिहून काढलं, कसा चढायचा, ताटातला घास कसा मागायचा, सगळं.

पुढे ब्रिटिश नौदलाने १९७५ मध्ये जहाजांवर मांजरं ठेवणं बंद केलं. सिडनीत ग्रंथालयाबाहेर फ्लिंडर्सचा पुतळा आहे. त्याच्या पाठीमागे खिडकीच्या कट्ट्यावर, एक पंजा उचलून, ब्राँझचा ट्रिम उभा आहे.