रक्त दिसलं म्हणजे पाउच गेला असं नाही

कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याच्या सुजेमुळे) मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी, म्हणजे पाउच, स्टेपलरने जोडताना गुदाशयाचं १-२ सेंटिमीटर अस्तर मागे राहतं, त्या पट्टीला कफ म्हणतात, आणि जुना कोलायटिस तिथेच पुन्हा डोकं वर काढतो. तोच कफायटिस. ताजं लाल रक्त आणि सारखी घाई. मी पाउचायटिस (खुद्द पाउचची सूज) समजून महिनाभर अँटिबायोटिक घेत बसले, काडीचा उपयोग झाला नाही. पाउचोस्कोपीत (दुर्बिणीने पाउच तपासताना) कफचीही बायोप्सी घ्यायला आठवणीने सांग. मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) रात्री शेवटचं शौचाला जाऊन आल्यावरच घे. टोक पाण्यात बुडवायचं, मग डाव्या कुशीवर पडून राहायचं. बरं वाटलं की आपल्या मनाने बंद करू नकोस, मी तिथेच फसले. तरी थांबेना, तर स्टिरॉइडची सपोझिटरी, पुढे बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधं) आहेत. पण त्याआधी क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) नाही ना, फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे पडलेली वाट) नाही ना, हे डॉक्टरांकडून नक्की तपासून घे.