न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये 'बोसेस' म्हणजे काय?

अकरावीतल्या मुलीला अर्धा दिवस बोसेसला पाठवायचं शाळेनं सुचवलं, म्हणजे ती अभ्यासात मागे पडली का, असं तुम्ही विचारलंय. तसं मुळीच नाही, ही भीती मनातून काढून टाका. बोसेस (BOCES, Boards of Cooperative Educational Services) म्हणजे शेजारच्या शाळांना मिळून शैक्षणिक सेवा पुरवणारं मंडळ.

या राज्यात शाळा चालवतात ते स्थानिक शालेय जिल्हे (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एखाद्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), आणि त्यातले बरेच अगदी लहान. वेल्डिंगची कार्यशाळा, नर्सिंगचा वर्ग किंवा कर्णबधिर मुलांसाठी विशेष शिक्षक एकट्या जिल्ह्याला परवडत नाहीत. म्हणून शेजारच्या जिल्ह्यांनी मिळून अशा सेवा चालवाव्यात, असा कायदा राज्यानं १९४८ साली केला. आज अशी ३७ बोसेस मंडळं आहेत. त्यांना स्वतः कर लावता येत नाही. जिल्हे हव्या तेवढ्याच सेवा घेऊन पैसे भरतात आणि खर्चाचा काही भाग राज्य पुढच्या वर्षी परत देतं. मला ही रचना फार न्याय्य वाटते, कारण छोट्या गावातल्या मुलांनाही त्यामुळे चांगली साधनं मिळतात. (न्यूयॉर्क शहर, बफेलो असे पाच मोठे शहरी जिल्हे मात्र यात नाहीत.)

बोसेसमधला कोर्स करून पुढे कॉलेजला जाता येतं. क्रेडिट मिळतात का, ते समुपदेशकांना विचारा आणि मुलीला घेऊन केंद्र एकदा बघून या.