बीस्बॉसला आई-बाबांना न्यावं का? न्या, पण आधी म्युझियम, मग बोट

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरमध्ये आई-बाबा नेदरलँड्सला येताहेत, कालव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गीथोर्न गावातली गर्दी नको, तर बीस्बॉसमधली (नद्या, बेटं आणि झुडपांच्या तिथल्या मोठ्या रानातली) गाइडसोबतची बोटफेरी आणि तिथलं म्युझियम एका दिवसात जमेल का, आणि सत्तरीच्या माणसांना तिथे काही बघण्यासारखं आहे का?

जमतं, आरामात. बघण्यासारखं आहे का, हे मात्र तुम्ही आधी काय बघता त्यावर आहे. मी हा दिवस दोनदा केलाय. एकदा चुकून भलताच आणि एकदा नीट.

पहिल्यांदा मी आणि नवरा असे दोघंच गेलो होतो. मी घाईघाईत ड्रिमेलनहून सुटणाऱ्या बोटीची तिकिटं काढली. मनात हिशोब असा की बीस्बॉस म्हणजे एक ठिकाण, म्युझियम तिथेच बाजूला असणार. दोन तास बोटीतून फिरलो. झुडपं, चिखल, पाणी, पुन्हा झुडपं. माहिती सगळी डच भाषेत. खाली उतरून म्युझियमचा पत्ता फोनमध्ये टाकला तर ते पाण्याच्या पलीकडे, वेर्केन्डामच्या बाजूला! गाडीने सगळ्याला वळसा घालून जायचं. पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ. नवरा परत येताना एवढंच म्हणाला, "बदलापूरच्या उल्हास नदीत पण झुडपं आहेत." चूक माझीच होती, त्यामुळे ऐकून घेतलं.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा: बीस्बॉसला तीन दारं आहेत. दॉर्डरेख्तकडून, ड्रिमेलनकडून आणि वेर्केन्डामकडून. मध्ये नद्या आहेत. तुम्हाला म्युझियम हवंय ना, मग वेर्केन्डामच्या बाजूचं 'बीस्बॉस म्युझियम आयलंड' हाच पत्ता धरा आणि बोटही तिथूनच सुटणारी घ्या. बुकिंग करताना इंग्रजीत सांगणारा गाइड मिळेल का, हे आधी विचारून घ्या. आम्ही दुसऱ्या वेळी विचारलं आणि मिळाला.

दुसऱ्या वेळी माझे आई-बाबा सोबत होते. बाबा दाभोळच्या खाडीकाठचे. त्यांना पाण्यातलं कळतं, आणि आपल्याला कळतं हेही कळतं. म्युझियमच्या वाटेवरच त्यांनी जाहीर केलं, "खाडी बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?"

तर म्युझियममध्ये त्यांना पहिल्यांदा जे समजलं ते असं. इथे पूर्वी शेती होती. 'ग्रोटे वार्ड' नावाचा बांधबंदिस्त केलेला मोठा सुपीक पट्टा, गावं, चर्च, सगळं. 1421 साली 18 नोव्हेंबरच्या रात्री समुद्रावरून वादळ आलं, बांध फुटले आणि पाणी आत घुसलं ते परत गेलंच नाही. सेंट एलिझाबेथचा पूर म्हणतात त्याला. 72 गावं बुडाली आणि लाखभर माणसं मेली असं जुनी माणसं सांगायची, पण इतिहासकारांच्या मते आकडा कितीतरी लहान, मृतांचा तर दोनेक हजारांच्या आसपासचा. मला त्यापेक्षा कारण जास्त लक्षात राहिलं. सरदारांची आपसात भांडणं चाललेली, बांधांच्या डागडुजीकडे कुणाचं लक्ष नाही. त्यात बांधाजवळची खाऱ्या पाण्याची पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, माती खणून, जाळून लोक मीठ काढायचे. पायच पोखरलेला. बाबा म्हणाले, "म्हणजे खारबंदिस्ती फुटली." अगदी तेच. कोकणातल्या माणसाला हे एका शब्दात कळतं, मला परिच्छेद लागला.

मग त्या पाण्यात गाळ साठत गेला, बेटं झाली, त्यांवर लव्हाळे उगवले. बीस म्हणजे लव्हाळा, बॉस म्हणजे रान. पुढे माणसांनी विलो लावले. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो, त्याच कुळातलं झाड. हिवाळ्यात त्याच्या फांद्या तोडायच्या, मोळ्या बांधायच्या. पिंपांच्या कड्या, टोपल्या, आणि मुख्य म्हणजे बांधांच्या पायाशी नदीच्या तळावर टाकायच्या प्रचंड चटया, वरून दगड रचून बुडवलेल्या. या देशाच्या बांधांखाली कित्येक वर्षं याच रानातल्या काटक्या होत्या. नायलॉन आल्यावर तो धंदा बसला. तोडणी करणारे मजूर आठवडाभर रानातच खोपटात राहायचे, शनिवारी घरी. आई त्या भागात बराच वेळ रेंगाळली. "गवताच्या बिछान्यावर, ओल्या कपड्यांनी, हिवाळ्यात," एवढंच पुटपुटली आणि स्वेटरची बटणं लावली.

युद्धाचं दालनही सोडू नका. 1944-45 च्या हिवाळ्यात बीस्बॉसच्या दक्षिणेला दोस्तांच्या फौजा होत्या आणि उत्तरेला जर्मन. मधल्या या चक्रव्यूहातून 21 जणांनी रात्री छोट्या होड्यांतून 370 हून जास्त फेऱ्या मारल्या. उत्तरेकडून वैमानिक, लपलेली माणसं, गुप्त माहिती, दक्षिणेकडून औषधं. त्यातले दोघं पकडले गेले आणि युद्ध संपायला आठवडाही उरला नसताना गोळ्या घालून मारले गेले.

हे सगळं डोक्यात घेऊन बोटीत बसलात की तीच झुडपं वेगळी दिसतात. नवऱ्याने कबूल केलं नाही, पण या खेपेला उल्हास नदीचं नाव काढलं नाही.

आमची बोट छोटी, उघडी, विजेवर चालणारी. आवाज जवळजवळ नाहीच. चालवणारे काका निवृत्त, इंग्रजी तोडकंमोडकं पण गप्पिष्ट. त्यांनी सांगितलं की इथे भरती-ओहोटी होते पण पाणी गोडं असतं. बाबांचा विश्वास बसेना. भरती आहे म्हणजे पाणी खारंच असणार. काका म्हणाले, समुद्र नदीला मागे ढकलतो, पण स्वतः इथवर पोचत नाही. बाबांनी वाकून हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. आई ओरडली. बाबा म्हणाले, "गोडं आहे गं!" आणि तिथून पुढचा तासभर ते काकांच्या शेजारी बसून होते. उधाण किती, भांगाचं, म्हणजे कमी भरतीचं, पाणी किती, सगळी चौकशी. काकांचं उत्तर जरा दुःखाचं होतं. पूर्वी इथे दोन मीटर पाणी चढायचं-उतरायचं. 1970 साली हारिंगफ्लीटचं, म्हणजे नदी समुद्राला मिळते त्या खाडीचं, तोंड दरवाज्यांच्या धरणाने बंद केलं आणि आता बहुतेक ठिकाणी वीत-दीड वीत. लव्हाळ्यांची जागा झाडाझुडपांनी घेतली. 2018 पासून तिथले दरवाजे थोडे किलकिले ठेवतात, मासे आत यावेत म्हणून.

बीव्हर दिसेल का असं आई-बाबा विचारतीलच. दिवसा बहुधा नाही, तो संध्याकाळी बाहेर पडतो. नेदरलँड्समधला शेवटचा बीव्हर 1826 साली मारला गेला होता. 1988 पासून एल्ब नदीच्या खोऱ्यातून आणून इथे सोडले, आणि आता ते भरपूर झालेत. प्राणी नाही दिसला तरी त्याचं काम दिसतं. काठावर एक खोड होतं, शार्पनरमधून काढलेल्या पेन्सिलीसारखं निमुळतं. काकांनी पाण्यातून एक काटकी उचलून बाबांच्या हातात दिली. साल पूर्ण सोललेली, आतलं लाकूड पांढरंफेक, आणि त्यावर दातांच्या बारीक खाचा एकमेकींना लागून, विळीवर खवलेल्या खोबऱ्याच्या वाटीत राहतात तशा. ती काटकी आता आमच्या दापोलीच्या घरी टीव्हीवर आहे.

पक्ष्यांचं म्हणाल तर मोठे बगळे हमखास. खंड्या दिसला, आपलाच तो छोटा निळा. मत्स्यगरुडाने, म्हणजे ऑस्प्रेने, 2016 साली या देशात पहिल्यांदा इथेच पिल्लं वाढवली. आम्हाला तो दिसला नाही, रिकामं घरटं दिसलं.

आता सप्टेंबरबद्दल, कारण तुम्ही नेमका तोच महिना म्हणताय. त्या दिवसांत काठाकाठाने माणसाहून उंच गुलाबी फुलं असतात. आईने लांबूनच ओळखलं: "अगं, तेरडा!" तेरड्याच्याच जातीतला, हिमालयातला. युरोपात बागेत लावायला आणला आणि नदीकाठांनी मोकाट सुटला. फुगलेल्या बोंडाला बोट लावलं की टचकन फुटून बी उडतं, आईने चार-पाच फोडून खात्री केली. गौरी दोन दिवसांवर होत्या. तिने दोन फांद्या मागितल्या. काका म्हणाले, उपटा हव्या तेवढ्या, आम्हीही उपटतो, पण घरी नेता येणार नाहीत, युरोपात त्याच्यावर बंदी आहे. गौरींना तेरडा नाकारला गेल्याचं दुःख आई अजून सांगते. तिच्या मते असे बिनबोलावता आलेले पाहुणे म्हणजे माहेरवाशिणीच.

परत आल्यावर दम असेल तर म्युझियमच्या छतावर चढा. छत गवताचं आहे, वर पायवाट आहे. तिथून जो सपाट ओला पट्टा दिसतो तो नोर्डवार्ड. तिथे अलीकडेपर्यंत शेती होती. 1995 साली नद्या फुगल्या तेव्हा अडीच लाख लोकांना घरं सोडून हलवावं लागलं. त्यानंतर सरकारने ठरवलं की बांध चढवत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायची. इथला बांध मुद्दाम उतरवला, 2015 पर्यंत काम झालं. आता नदी चढली की पाणी या शेतांवरून जातं आणि वरच्या अंगाला खोरिन्खेमसारख्या शहरांवरचा भार कमी होतो. काही शेतकरी उठून गेले, काहींनी टेकाडं करून त्यांवर घरं बांधली. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मोबदला मिळाला का वेळेवर?" काका खाली बोट धूत होते, त्यांना विचारायचं राहिलं.

बाकी जाण्यायेण्याचं. ज्येष्ठ सोबत असतील तर गाडीच न्या, बस-ट्रेनचा मेळ बसवताना दिवस जातो. तुम्ही दोघंच असाल तर मात्र दॉर्डरेख्त स्टेशनवरून सायकलने कोप फान हेत लांत गाठा, तिथल्या फेरीबोटीने पलीकडे या, मस्त रस्ता आहे. छोट्या बोटीत टॉयलेट नसतं, म्युझियममध्ये जाऊन घ्या. तुमच्या बाबांचे गुडघे दुखत असतील तर धक्क्याजवळ कुणाला तरी हात द्यायला सांगा, बोट हलते. वाऱ्याचं जाकीट सप्टेंबरातही हवंच. आम्ही धपाटे नेले होते, ते बाहेर बाकावर बसून खाल्ले. आत कॅफे आहे, तिथलं गरम सूप आईला आवडलं, मीठ कमी होतं म्हणाली.