त्रिशंकू विधानसभेत (कोणालाच बहुमत नसताना) राज्यपालांना सरकार बनवायला सर्वात मोठ्या पक्षालाच आधी बोलवावं लागतं का?

नाही, तशी सक्ती संविधानात कुठेच नाही. कलम १६४ फक्त एवढंच म्हणतं की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील. बाकी सगळा मामला आकड्यांचा.

गोव्याचं २०१७ बघा. एकूण जागा ४०, बहुमताला २१. ११ मार्चला निकाल लागला तेव्हा काँग्रेस १७, भाजप १३. काँग्रेसचा नेता कोण यावर खल चालू असतानाच १२ तारखेला भाजपचे मनोहर पर्रीकर २१ आमदारांचा पाठिंबा घेऊन राज्यपालांकडे पोचले: स्वतःचे १३, मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) ३, गोवा फॉरवर्डचे ३ आणि २ अपक्ष. काँग्रेस सुप्रीम कोर्टात गेली तर कोर्टाने विचारलं, तुमच्याकडे संख्या होती तर राज्यपालांना पत्रं का दिली नाहीत? १६ मार्चला सभागृहात मतदान झालं, पर्रीकर २२ विरुद्ध १६ ने जिंकले.

उलट २०१८ मध्ये कर्नाटकात सर्वात मोठा पक्ष म्हणून भाजपला आधी बोलावलं, पण आकडा जमेना. भाजपचे मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

म्हणजे पाठिंब्याची पत्रं राजभवनाचं दार उघडतात, बहुमत मात्र सभागृहातच सिद्ध करावं लागतं (सुप्रीम कोर्टाचा बोम्मई निकाल, १९९४).

मला खरं खटकतं ते वेगळंच. गोवा फॉरवर्डने भाजपच्या विरोधात मतं मागितली होती आणि निकालानंतर दुसऱ्याच दिवशी पाठिंबा दिला. कायद्याने यात काही चूक नाही. पण निकालानंतर कोणाबरोबर जाणार, हे प्रत्येक पक्षाने प्रचारातच सांगायला हवं. मतदाराचा तो हक्क आहे.